शब्दचर्चा : ‘स्मार्ट कोट्स’ना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वर्ड प्रोसेसरमध्ये टंकलेखन करताना कधी " असे सरळ चिन्ह उमटते, तर कधी “ ” अशी वळलेली चिन्हे, म्हणजे इंग्रजीतले ‘स्मार्ट कोट्स’, उमटतात. व्याकरणात आपण अवतरणचिन्हाचे एकेरी आणि दुहेरी असे दोनच प्रकार शिकतो. हा तिसरा भेद सांगण्यासाठी ‘वक्र अवतरणचिन्हे’ हा शब्द योग्य ठरेल का?

उत्तर : आधी मूळ शब्द पाहू. ‘अवतरण’ म्हणजे खाली येणे, आणि ‘अवतार’ हा शब्दही त्याच धातूतला. दुसऱ्याच्या लेखनातून किंवा बोलण्यातून आपल्या मजकुरात उतरवून घेतले ते अवतरण. त्यालाच आपण ‘उतारा’ म्हणतो, तेव्हाही कल्पना उतरण्याचीच असते. हे उसने शब्द कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, एवढे दाखवणे हे या चिन्हाचे काम आहे. ‘वक्र’ हा शब्द चिन्ह दिसते कसे ते सांगतो, ते करते काय हे सांगत नाही. शिवाय त्याला वाकडेपणाचा वास येतो तो वेगळाच. कंस आपण उघडतो आणि बंद करतो, त्याच धर्तीवर ‘उघडते’ आणि ‘मिटते’ अवतरणचिन्ह म्हणावे, आणि ज्याला दिशाच नाही त्याला ‘सरळ’ म्हणावे, असे मला वाटते.

बोलण्यात रुळलेला ‘इन्व्हर्टेड कॉमा’ हा शब्दही अर्धाच खरा आहे, कारण उलटा स्वल्पविराम असतो तो केवळ उघडत्या चिन्हात. मिटते चिन्ह म्हणजे वर उचललेला साधा स्वल्पविराम.

सरळ चिन्ह रूढ झाले ते टंकलेखन यंत्रामुळे. कळा मोजक्या असल्याने दोन्ही कामे एकाच चिन्हावर भागवली गेली आणि संगणकाच्या कळफलकाने तीच सोय पुढे चालवली. आता वर्ड प्रोसेसर त्या एकाच कळीवरून अंदाज बांधतो : चिन्हाआधी मोकळी जागा, ओळीचा आरंभ किंवा उघडता कंस असेल तर तो उघडते चिन्ह देतो, आणि अक्षर असेल तर मिटते. ‘स्मार्ट’ हे विशेषण या अंदाजाचे आहे, चिन्हाचे नव्हे. म्हणून ‘हुशार अवतरणचिन्हे’ असे भाषांतर कृपया कोणी करू नये.

प्रतिप्रश्न : हा अंदाज चुकला तर? ’९० असे वर्ष लिहिताना दर वेळी उलटे चिन्ह येते.

उत्तर : तेथे चुकणारच, कारण गाळलेल्या आकड्यांसाठी लागणारे लोपचिन्ह मिटत्या एकेरी चिन्हासारखे दिसते, आणि आधी मोकळी जागा पाहून यंत्र उघडते चिन्ह देते. अशा वेळी ती कळ दोनदा दाबून पहिले चिन्ह खोडावे. सरळ चिन्हच हवे असेल, उदाहरणार्थ संगणकाच्या आज्ञावलीत, जेथे वळलेले चिन्ह चालतच नाही, तर चिन्ह उमटताच कंट्रोल आणि झेड दाबावे; वर्डमध्ये तेवढ्यापुरता बदल मागे घेतला जातो. विंडोजवर आल्ट कळ दाबून धरून उजवीकडच्या अंकफलकावर ०१४५ व ०१४६ टंकल्यास एकेरी, तर ०१४७ व ०१४८ टंकल्यास दुहेरी जोडी मिळते. ०१७१ व ०१८७ या अंकांनी फ्रेंच लेखनातील « » ही कोनदार चिन्हे येतात. त्यांना तर ‘वक्र’ म्हणताच येणार नाही, ‘उघडते’ आणि ‘मिटते’ मात्र तेथेही चालते.

इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक वापरणाऱ्यांची अडचण याही आधीची आहे. त्या कळफलकावर अवतरणचिन्हाच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’ बसलेले असल्याने पुष्कळ जण चिन्हापुरते इंग्रजी कळफलकाकडे वळतात, आणि घाईत एक बाजू सरळ व दुसरी वळलेली राहून जाते. असा मजकूर हाती आल्यास, आपोआप बदलाची सोय चालू ठेवून, ‘शोधा आणि बदला’मध्ये दोन्ही रकान्यांत तेच सरळ चिन्ह द्यावे; वर्ड सगळी चिन्हे नव्याने वळवून देतो. ’९० सारख्या जागा तेवढ्या पुन्हा हाताने तपासाव्या लागतात.