बाळाशी पहिली नजरानजर : तुमचे अनुभव सांगा

माझी लेक 33 व्या आठवड्यात झाली, वजन 1 किलो 600 ग्रॅम. लगेच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेली. मी टाके सांभाळत तिसऱ्या दिवशी तिथे पोचले तर काविळीच्या निळ्या दिव्याखाली ठेवलेली आणि डोळ्यांवर पट्टी. सगळ्यांनी सांगितलेलं की बाळाने बघितलं की पान्हा फुटतो, आणि मला डोळेच दिसेनात. मग सिस्टरनी कांगारू केअरला बसवलं, उघड्या छातीवर बाळ, वरून शाल, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी तिने मान तिरकी करून एकच डोळा उघडला, कपाळाला आठ्या घालून माझ्या हनुवटीकडे बघत राहिली. मी हुंदके देऊन रडले. तुमचं कसं झालं? लिहा ना, दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

मला पहिला महिनाभर काहीच वाटलं नव्हतं. माया वगैरे काही नाही, नुसती झोप हवी होती. रात्री पाजताना एका हातात मोबाईल. एकदा दोनला की अडीचला चार्जिंग संपलं म्हणून खाली बघितलं तर हा प्यायचा थांबलेला, ओठाच्या कोपऱ्यात दूध, आणि टक लावून माझ्याकडे बघतोय. किती दिवस बघत होता देव जाणे. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे पदराखालून आईचा चेहरा, बस्स तेवढंच त्याचं जग. त्या दिवसापासून रात्रीचा फोन दुसऱ्या खोलीत.

*

बाबाचा अनुभव चालेल ना? मी दुबईत, मुलगी पाच महिन्यांची होईपर्यंत व्हिडिओ कॉलच. पण स्क्रीनवर आपण तिच्या डोळ्यांत बघितलं तरी कॅमेरा वर असतो त्यामुळे तिला आपली नजर खालीच दिसते. घरी आलो तर माझ्याकडे बघून भोकाड पसरलं. मी घाई केली नाही, रोज लंगोट बदलायचं काम घेतलं, तेवढा वेळ समोरासमोर. आठव्या दिवशी माझा चष्मा ओढला आणि खुदकन हसली.

*

आमच्या वेळी पाय पसरून त्यावर बाळ घेऊन न्हाऊ घालायचे. टाळू भरताना वाकलं की बाळ बरोब्बर तोंडाकडे बघतं. झोपेत हसलं तर सटवाई हसवतेय म्हणायचं, पण सव्वा महिन्यानंतर नजर ठरली की ते आपल्याला बघून हसतं, ते हसू वेगळंच, ओळखीचं. नातवाच्या वेळी सुनेला वाटायचं हा मधेच तोंड फिरवतो म्हणजे मी आवडत नाही. अगं दमतं ते, किती वेळ बघेल, थांब जरा, परत वळतंच. वळलाच.

*

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचा मुलगा दीड महिन्याचा झाला तरी बघायचाच नाही, आवाजाकडे वळायचा पण नजर कुठेतरी भलतीकडे. सगळे म्हणाले मुलगे उशिरा बघतात. आईने मात्र उन्हात नेल्यावर सांगितलं, याच्या डोळ्यातली बाहुली पांढुरकी दिसतेय. जन्मजात मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांना. अशा वेळी लवकर ऑपरेशन करावं लागतं कारण मेंदू बघायला शिकतो तो याच महिन्यांत. कुणाला शंका असेल तर प्लीज वाट बघू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ऑपरेशननंतर इलॅस्टिकने बांधायचा जाड भिंगांचा इवलासा चष्मा मिळाला. मी घातला, सरळ केला. तो आधी माझ्या कुंकवाकडे बघत राहिला, मग हळूच नजर खाली आणली, एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात. नवऱ्याला हाक मारायची होती, पण मी हललेच नाही.