‘विषाणुनाशक’ की ‘विषाणुरोधी’?

प्रश्न (खानापूर तालुका): गावात वाटण्याच्या आरोग्यपत्रकात नागिणीवरील गोळ्यांबद्दल लिहिताना ‘अँटीव्हायरल’ला कोणता प्रतिशब्द वापरावा? काहींनी ‘विषाणुनाशक’ सुचविला आहे, तर काहींच्या मते रुळलेला ‘प्रतिजैविक’ पुरेसा आहे.

उत्तर १: ‘प्रतिजैविक’ मुळीच नको. ती औषधे जिवाणूंची पेशीभित्तिका किंवा प्रथिने घडविणारी यंत्रणा यांवर घाव घालतात, आणि विषाणूजवळ यांपैकी काहीही स्वतःचे नसते. तो आपल्याच पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्यामुळे पेशीला धक्का न लावता विषाणूचे काम अडविणे, ही विषाणूंवरील औषधांपुढची खरी अडचण असते.

नागिणीवर दिले जाणारे ॲसायक्लोव्हीर हे याचे उत्तम उदाहरण आहे. विषाणूने बाधित पेशीत विषाणूचेच एक विकर (एन्झाइम) या औषधाला कार्यक्षम करण्याची पहिली पायरी पूर्ण करते. मग ते विषाणूच्या नव्या डीएनए साखळीत जाऊन बसते आणि पुढचा दुवा जोडता येत नसल्याने साखळी तेथेच खुंटते. निरोगी पेशीत ते विकर नसल्यामुळे औषध तेथे बहुतांशी निष्क्रिय राहते. मात्र कांजिण्यांनंतर वर्षानुवर्षे मज्जातंतूंच्या पेशींत दडून राहिलेला विषाणू या गोळ्यांनी मरत नाही. केवळ नव्या प्रती निघणे थांबते. म्हणूनच पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू करण्यावर डॉक्टर भर देतात. या कारणासाठी मला ‘विषाणुरोधी’ हा शब्द योग्य वाटतो. ‘विषाणुनाशक’ हा शब्द पृष्ठभाग पुसण्याच्या द्रावणासाठी राखून ठेवावा. (समासात ‘णु’ ऱ्हस्व लिहावा, सुटा शब्द मात्र ‘विषाणू’.)

आपल्या भागात पत्रक दोन्ही भाषांत निघत असल्यास कन्नड मजकुरात नागिणीला ‘सर्पसुत्तु’ आणि विषाणूला ‘वैराणु’ म्हणतात, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर २: एक शंका आहे. हिपॅटायटिस ‘सी’मध्ये सोफोसबुवीर व त्याच्या जोडीच्या औषधांचा साधारण 12 आठवड्यांचा उपचार घेतल्यावर बहुतेक रुग्णांच्या रक्तात विषाणू उरतच नाही. मग याला नाश का म्हणू नये?

उत्तर १: परिणामाला नाश म्हणता येईल, परंतु औषधाची क्रिया तेथेही प्रती काढणारे विकर रोखण्याचीच आहे. याउलट एचआयव्हीच्या उपचारात विषाणू दबून राहतो, संपत नाही, म्हणून त्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. ‘रोधी’ दोन्हीकडे लागू पडतो.

पत्रकात दुष्परिणामही लिहावेत, आणि ‘उष्ण पडते’ अशा मोघम शब्दांत नकोत. ॲसायक्लोव्हीरने मळमळ व डोकेदुखी होऊ शकते, आणि शरीरात पाणी कमी असल्यास, विशेषतः शिरेतून मोठी मात्रा दिल्यास, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात. म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. फ्लूवरील ओसेल्टामिवीरने काहींना उलट्या होतात. तेही लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत घेतल्यास अधिक उपयोगी पडते.

प्रश्नकर्ता: मग माकडतापाच्या उपचारालाही हाच शब्द लावावा का?

उत्तर १: नाही. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’ म्हणतात तो हा रोग 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. तो विषाणूमुळेच होतो, पण त्यावर खास विषाणुरोधी औषध नाही. सलाईन देणे, ताप उतरविणे आणि रक्तस्रावाकडे लक्ष ठेवणे या उपचाराला ‘आधारोपचार’ म्हणावे.