न्यूझीलंडच्या वनस्पती वारशाने आलेल्या की समुद्रापारहून? जीवाश्म पाने काय सांगतात?

मृण्मयी: न्यूझीलंडचा भूभाग सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वी गोंडवना या दक्षिणेकडील प्राचीन महाखंडापासून विलग झाला आणि सुमारे 2.5 कोटी वर्षांपूर्वी त्याचा बराचसा भाग पाण्याखाली गेला होता, असे वाचले. मग तेथील आजची झाडे गोंडवनाचा वारसा आहेत की वारा, पक्षी व सागरी प्रवाहांबरोबर नंतर आलेली? जीवाश्म पानांवरून याचा निर्णय होऊ शकतो का? मुळात नुसत्या पानावरून झाड ओळखता येते का?

पर्णकुटी: केवळ आकारावर विसंबल्यास फसगत होते, कारण परस्परांशी नाते नसलेल्या झाडांची पानेही सारखी दिसतात. म्हणूनच न्यूझीलंडच्या ओटॅगो प्रांतातील फोल्डन मार हे ठिकाण मला अमूल्य वाटते. ज्वालामुखीच्या विवरातील तळ्याच्या तळाशी, सुमारे 2.3 कोटी वर्षांपूर्वी, डायटमांच्या (पाण्यातील एकपेशीय शैवालांच्या) कवचांचे कागदासारखे पातळ थर साचत गेले आणि त्यांत दबलेल्या पानांचे मेणचट आवरण आजही शाबूत आहे. ते अलगद सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की पर्णरंध्रांभोवतीच्या (पानावरील सूक्ष्म छिद्रांभोवतीच्या) पेशींची मांडणी दिसते, आणि तिच्यावरून अनेकदा प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोहोचता येते. दालचिनीच्या कुळातील पाने तेथे विपुल आहेत. डेंड्रोबियम आणि एरिना या ऑर्किडांची पानेही ओळखली गेली असून त्यांचे वर्णन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतांश भूमी बुडाल्यानंतर भूशास्त्रीय हिशेबाने थोड्याच काळात इतके समृद्ध वर्षावन तेथे होते, त्यामुळे सारी जमीन बुडाली होती हे काहींचे मत मला पटत नाही.

अनिरुद्ध: पुरावा उत्तम आहे, मात्र जीवाश्म पान ‘निदान या काळी ही वनस्पती येथे होती’ एवढेच सांगते, ती केव्हा व कोठून आली हे सांगत नाही. नोथोफॅगस या दक्षिण गोलार्धातील बीच वृक्षाचेच पाहा. त्याचे परागकण न्यूझीलंडमध्ये डायनासोरांच्या काळापासून सापडतात, म्हणून तो वारशाचा ठळक पुरावा मानला जाई. परंतु डीएनएच्या अभ्यासानुसार तेथील आजच्या जाती ऑस्ट्रेलियातील नातलगांपासून भूभाग विलग झाल्यानंतर पुष्कळ काळाने वेगळ्या झाल्या. म्हणजे प्रजाती तीच, पण जुना वंश संपून नवा वंश समुद्र ओलांडून आलेला असू शकतो.

पर्णकुटी: मान्य. उलट दिशेचा पुरावाही आहे: आपल्या कोकण किनाऱ्यावर लावलेला सुरू ज्या कुळातला, त्या कुळाचे आणि निलगिरीचे जुने परागकण न्यूझीलंडमध्ये मिळतात, पण आज तेथे त्यांतले काहीही मूळचे स्थानिक नाही. त्यामुळे प्रत्येक वंशाचा निर्णय स्वतंत्रपणे, जीवाश्म आणि डीएनए शेजारी ठेवूनच करावा लागतो.