मदत हवी: थायरॉइडमुळे डोळ्यांना सूज – एमआरआयवरून आजार चालू आहे की थांबलाय ते कळतं का?

रानवारा: बहिणीचा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये एवढंच की डोळ्याचा खालचा आणि नाकाकडचा स्नायू जाड, टेंडन ठीक. डॉक्टर विचारतात आजार सक्रिय आहे का, ते कुठेच लिहिलेलं नाही. परत स्कॅन करायचा का? जरा लवकर सांगा.

काजवा: स्टर सिक्वेन्स (सूज-पाणी दाखवणारा एमआरआयचा प्रकार) घेतलाय का? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) किती? सिगारेट ओढते का? दोन-दोन दिसतं का?

औदुंबर: माझं सीटीवर भागलं होतं. सीटी करून मोकळे व्हा.

काजवा: सीटीत जाडी आणि हाडं दिसतात. सूज ताजी की जुनी, ते त्यात नीट कळत नाही.

मुशाफिर: सेलेनियम सुरू करा, मला खूप फरक पडला.

रानवारा: सेलेनियमचं विचारलं नाहीये हो. टीएसएच नॉर्मल आहे, सिगारेट नाही. वर बघताना दोन-दोन दिसतं. सीडीवर 'स्टर कोरोनल' लिहिलंय.

औदुंबर: टीएसएच नॉर्मल असेल तर डोळेही शांतच असणार.

काजवा: नाही हो, टीएसएच जागेवर असतानाही डोळ्यांचा आजार चालू असू शकतो. ताई, नवा स्कॅन नको, स्टर आहेच. पाणी धरलेला, सुजलेला स्नायू त्यात पांढरा चमकतो. जुना, तंतुमय झालेला स्नायू जाड असला तरी काळसर राहतो. रेडिओलॉजिस्टना सांगा, ही चमक कानशिलाच्या स्नायूशी ताडून रिपोर्टमध्ये लिहा.

पाऊसवेडी: पण कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) किडनीला वाईट ना?

काजवा: स्टरला कॉन्ट्रास्ट लागतच नाही.

औदुंबर: एवढं कशाला? सीएएसमध्ये (डॉक्टर डोळे तपासून आजाराच्या सक्रियतेला देतात ते गुण) ७ पैकी ३ गुण आले की सक्रिय, संपलं.

रानवारा: तिचा सीएएस १ आहे! लाली नाही, दुखत नाही. म्हणून तर स्टेरॉइड द्यायचं की नाही यावर अडलंय.

काजवा: मग एमआरआयचा उपयोग इथेच आहे. सीएएसमध्ये बाहेरून दिसणारी लाली-सूज आणि दुखणंच जास्त मोजलं जातं, खोलवरचा स्नायू त्यातून निसटू शकतो. आणि हे आत्ताच बघा: एकेक डोळा झाकून लाल वस्तू दाखवा. एका डोळ्याला लाल रंग फिका वाटला तर डोळ्याची नस दबत असू शकते, आजच दवाखाना गाठा.

रानवारा: बघितलं, दोन्हीकडे सारखाच लाल. उद्या सीडी घेऊन जाते. उपचारानंतरचा स्कॅन दुसरीकडे केला तर चालेल?

काजवा: शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सिक्वेन्सने करा. मशीन बदललं की चमकेची तुलना भरवशाची राहत नाही.