एसक्यूईची (इंग्लंडमधल्या सॉलिसिटर, म्हणजे वकील, होण्याच्या परीक्षेची) फी स्वतः भरावी की ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची वाट बघावी?

लीड्सची_लेक: एलएलबी होऊन दोन वर्षं झाली. छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी, म्हणजे फर्ममधल्या पगारी उमेदवारीसाठी, 19 अर्ज केले, सगळीकडून नकार. आता एसक्यूई स्वखर्चाने द्यावी असं मनाने घेतलंय. एसक्यूई 1 आणि 2 मिळून फीच पाच हजार पौंडांच्या आसपास, क्लासचे पैसे वेगळे. बाबा कोल्हापूरची एफडी मोडायला तयार आहेत. नुसतं थांबून वय जातंय.

हॅरोकर: एफडीला हात लावू नकोस! मी 2012 साली कर्ज काढून एलपीसी, म्हणजे एसक्यूईच्या आधीचा सॉलिसिटर होण्याचा कोर्स केला. त्यानंतर चार वर्षं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही. हप्ते मात्र दरमहा जात होते. बड्या फर्म साधारण दोन वर्षं आधी माणसं निवडतात, मग क्लासची आणि परीक्षेची फी भरतात, वर राहण्याखाण्याचे पैसे देतात. आणि परीक्षा सोपी समजू नकोस: जानेवारी 2024 ला एसक्यूई 1 मध्ये 56 टक्के पास झाले, जुलैमध्ये 44. सहा वर्षांत तीनच प्रयत्न मिळतात.

क्रॉयडनचा_दादा: हॅरोकर ताई, तुमचं सोसणं खरं आहे, पण तो एलपीसीचा काळ होता. तेव्हा ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टशिवाय बहुतेकांची गाडी तिथेच अडायची. सप्टेंबर 2021 पासून दोन वर्षांचा कामाचा अनुभव पुरतो, तोही चार ठिकाणांपर्यंत जोडून. पॅरालीगलचं काम धरतात, फक्त सॉलिसिटरने त्याला दुजोरा द्यावा लागतो. मी असाच सॉलिसिटर झालो. पहाटे साडेपाचला उठून अभ्यास, क्लास न लावता. लेकी, आधी सही कोण देणार ते विचार, मग फी भर.

हॅरोकर: आणि पगार वाढला?

क्रॉयडनचा_दादा: आठ महिने पॅरालीगलचाच होता. त्रास झाला, खोटं नाही बोलणार. मग फर्म बदलली, तेव्हा वाढला.

हॅरोकर: हेच म्हणतेय मी. फर्मला सॉलिसिटर तयार मिळतो आणि खर्च पोरांच्या आईबापांच्या खिशातून जातो. हे मला पटत नाही, पटणारही नाही.

लीड्सची_लेक: आज साहेबांना विचारलं. गेल्या 14 महिन्यांच्या कामालाच सही देतील. त्याआधीचं काम नुसतं फायलिंगचं होतं, म्हणाले. रडूच आलं. आता फक्त एसक्यूई 1 भरतेय, माझ्या बचतीतून. ती पास झाल्याशिवाय 2 देताच येत नाही, त्यामुळे तो खर्च पुढे. बाबांना एफडी मोडू नका म्हणून कळवलं.

हॅरोकर: तेवढं ऐकलंस, बरं वाटलं. अर्ज मात्र थांबवू नकोस. सीव्ही पाठव, मी बघते.