कमानीवर कोणतं नाव: हिंगणे बुद्रुक की कर्वेनगर?

मुठाकाठ

पुण्यातल्या आमच्या गावठाणाच्या तोंडाशी नवी कमान उभी राहतेय. वर्गणी जमलीय, दगड आलाय. त्यावर 'कर्वेनगर गावठाण' कोरायचं घाटतंय, आणि मला ते पटत नाही. तिथे गावाचं जुनं नाव, 'हिंगणे बुद्रुक', हवं, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या जुन्या सातबाऱ्यावर 'मौजे हिंगणे बुद्रुक, तालुका हवेली' असं आहे. मुठेच्या डाव्या काठाला हिंगणे बुद्रुक, समोरच्या काठाला हिंगणे खुर्द. बुद्रुक थोरलं, खुर्द धाकटं. एकाच नावाची दोन गावं, मधे नदी. पण आज इथे राहायला आलेल्या कोणालाही गावाचा इतिहास विचारा, तो १९०० पासून सुरू करतो. महर्षी कर्व्यांनी ओसाड माळावर झोपडी बांधली, मग आश्रम, मग शाळा, मग विद्यापीठ. त्या माळाच्या खालच्या अंगाला गाव होतं, हे कोणी सांगत नाही.

गावाची बसण्याची एक रीत होती. पांढरी, म्हणजे घरांची जागा, उंचावर; काळी, म्हणजे शेतजमीन, नदीकडे. घरं चढावर बांधायची आणि नदीलगतच्या मळईत माळवं लावायचं. पाणी वाढलं तर पीक जाईल, माणूस जाणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या आजोबांचं नदीकडचं शिवार गाळाखाली गेलं, घर मात्र जागेवर राहिलं. हा शहाणपणा कोणा संस्थेने शिकवलेला नव्हता.

आणि ज्या काळात पुण्यातले सनातनी कर्व्यांना विरोध करत होते, त्या काळात आमच्या गावाने त्यांच्या आश्रमाला जागा दिली. त्या गावाचं नावच पुसायचं?

जुनी वही

भावना समजते, पण शेवटच्या परिच्छेदात तपशील चुकलाय. जागा गावाने दिली नाही. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची आपली सहा एकर जमीन दिली आणि बांधकामाला ७५० रुपये दिले. त्यातून १९०० मध्ये ती झोपडी उभी राहिली. गावाच्या औदार्यावर ते श्रेय घालणं गोखल्यांवर अन्याय आहे.

कर्व्यांनी हिंगणे का निवडलं, तेही बघा. त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं होतं. १८९६ ला विधवांसाठी आश्रम सुरू केला तो शहरात. पण पुण्यात एकीकडे विरोध, दुसरीकडे प्लेग. शहरापासून दूर, फुकट मिळालेली जागा म्हणून हिंगणे. ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चिखलाच्या वाटेने चालत आश्रमात यायचे. गाव त्यांच्यासाठी थांबलेलं नव्हतं.

एरवी ही जागा नुसती 'कोथरूडच्या पुढचं एक गाव' राहिली असती. तिला ओळख दिली ती आश्रमाने. पुण्याच्या आजूबाजूला अशी गावं कितीतरी आहेत. २०२१ ला एका फटक्यात २३ गावं महापालिकेत आली. त्यातल्या किती गावांची नावं तुम्हाला न बघता सांगता येतील? कर्वेनगर हे नाव कोणी बिल्डरने ठेवलेलं नाही. ते कमावलेलं आहे. तेच कोरा.

मुठाकाठ

गोखल्यांची दुरुस्ती मान्य. 'गावाने दिली' हे मी लहानपणापासून ऐकलेलं तसंच लिहिलं, चूक झाली.

पण 'ओळख आश्रमाने दिली' याच्याशी मी अजिबात सहमत नाही. ओळख दिली म्हणजे कोणाच्या नजरेत? शहराच्या. शहराने दखल घेईपर्यंत गावाला इतिहास नसतो, असं तुम्ही म्हणताय. २३ गावांची नावं मला सांगता येत नसतील तर तो माझा कमीपणा आहे, त्या गावांचा नाही.

शेवंती

मी गावठाणातली नाही आणि सोसायटीतलीही नाही. पण मला बोलायचं आहे.

माझ्या आजीची थोरली बहीण नवव्या वर्षी विधवा झाली. नवऱ्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. सहा-सात वर्षं सासरी सोवळ्यात काढली, केस काढलेले, एक वेळचं जेवण. मग तिच्या भावाने धाडस केलं आणि तिला 'हिंगण्याला ठेवलं'. आमच्या घरात हाच शब्दप्रयोग होता. 'ती हिंगण्याची आहे' म्हटलं की समोरच्याला सगळं कळायचं. काही जण त्यावर नाक मुरडायचे, काही जण मान द्यायचे. ती पुढे चाळीस वर्षं शिक्षिका होती. पहिल्या पगारातून तिने माझ्या आजीला चष्मा घेऊन दिला.

ती मरेपर्यंत कधी 'कर्वेनगर' म्हणाली नाही. आश्रमातल्या बायका कर्व्यांना 'अण्णा' म्हणायच्या आणि जागेला 'हिंगणे'. म्हणजे जुनी वही, तुम्ही ज्यांच्या नावाने बोलताय त्या बायकांच्या तोंडी हिंगणेच होतं. म्हणून माझं मत हिंगण्याला.

पण मुठाकाठ, तुमचं कारण मला मान्य नाही. गाव आधी, आश्रम नंतर, म्हणून गावाचं नाव, हे मला चालणार नाही. पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा. त्यांनी दारोदार फिरून आश्रमासाठी पैसे मागितले, १९१८ ला अमेरिकेपर्यंत गेल्या. १९१६ ला पहिलं महिला विद्यापीठ पाच विद्यार्थिनींवर सुरू झालं, ते याच हिंगण्यात. विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली ती पुढे, १९२० ला. हिंगणे या नावात आता गावाइतक्याच त्या बायकाही आहेत. तुम्ही ते नाव एकट्या गावठाणासाठी परत मागत असाल, तर मी विरोधात.

पलीकडचा काठ

मी हिंगणे खुर्दचा, सिंहगड रस्त्याचा. मुठाकाठ यांनी आमचा उल्लेख एका ओळीत केला, तेवढाही हल्ली कोणी करत नाही. आमच्याकडे पत्ता सांगताना विठ्ठलवाडी म्हणतात, आनंदनगर म्हणतात. आषाढीला विठ्ठलवाडीच्या देवळात इतकी गर्दी होते, पण रांगेतल्या कितीकांना ठाऊक असेल की हे हिंगणे खुर्द?

नावाबरोबर काय जातं ते आम्ही भोगलंय. पांढरी आणि काळी यांचं जे लिहिलंत ते अगदी खरं. आमच्या बाजूला काळीत इमारती झाल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत लोकांना बोटीने बाहेर काढावं लागलं. नदी तिच्याच जागेवर आली होती. गाव नावानिशी, शिवारासकट लोकांच्या लक्षात असतं, तर तिथे घर घेताना कोणी दोनदा विचार केला असता, असं मला मनापासून वाटतं. कमानीवर 'बुद्रुक' नक्की कोरा. तो शब्द वाचून एखादा पोरगा तरी विचारेल, मग खुर्द कुठे आहे?

जुनी वही

शेवंती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आश्रमातल्या बायका हिंगणेच म्हणायच्या, याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही कर्व्यांचं नाव रस्त्याला आहे, संस्थेला आहे, म्हणून वस्तीवरून काढलं तरी चालेल, हा विचार मला धोक्याचा वाटतो. उद्या रस्त्याचंही बदलतील. माझं मत कायम.

वरची आळी

मी गावठाणातच राहतो, तीन पिढ्या. मला दोन्ही नावं चालतात. आमच्या आळीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. गाडा आत येत नाही, रुग्णवाहिका तोंडाशीच थांबते. गेल्या श्रावणात चुलत्यांना खुर्चीत बसवून चौघांनी बाहेर आणलं. पावसाळ्यात ड्रेनेज तुंबून अंगणात येतं.

ज्यांनी बाहेर फ्लॅट घेतले त्यांना गावठाणाच्या नावाचा उमाळा येतो. मुठाकाठ, तुम्हीही वारज्याला राहता, हे मला ठाऊक आहे. तुमचं प्रेम खोटं म्हणत नाही. पण कमान झाली की तुम्ही फोटो काढून परत जाल आणि आम्ही तिच्याखालून रुग्ण उचलून नेऊ.

मुठाकाठ

वारज्याला राहतो हे खरं. वाटणीत घर धाकट्या भावाकडे गेलं, जागा पुरत नव्हती. कमानीखालून गाडी जाईल एवढी रुंदी ठेवायची, हे आराखड्यात आहे का, ते मी आजच विचारतो. नसेल तर काम थांबवायला सांगेन.

शेवंती, गावाचं नाव एकट्या गावासाठी मागतोय असं वाटलं असेल, तर ते माझ्या लिहिण्यातच होतं. पार्वतीबाईंचं काम मला शाळेत कोणी सांगितलं नाही, तुमच्याकडून कळलं. नाव हिंगणे बुद्रुकच हवं, यावर मी ठाम आहे. कारण मात्र आता तुमचंही धरतो.

वरची आळी

रविवारी बैठक आहे. मी उभा राहून सांगणार की दगड आलाय तो तसाच ठेवा, वर्गणीचे पैसे आधी ड्रेनेजला लावा. हात वर करायला या.