मदत हवी आहे : लाँगबोसाठी यूऐवजी कोणतं लाकूड?

नमस्कार मंडळी,

मध्ययुगीन इंग्लिश लाँगबोच्या धर्तीवर एक धनुष्य घरी बनवायचं आहे. मूळ धनुष्य यू या झाडाचं. त्याच्या एकाच दांड्यात दोन गुण मिळतात: पाठीकडचं (नेमबाजापासून लांबच्या बाजूचं) पांढरट रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचं लाकूड, ताण सोसतं, पोटाकडचं (नेमबाजाच्या बाजूचं) तांबूस गाभ्याचं लाकूड दाब सोसतं. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजातून वर काढलेली धनुष्यं अशीच आहेत, आणि त्यांची ओढ, म्हणजे पूर्ण ताणायला लागणारं बळ, साधारण १०० ते १८५ पौंडांची मानतात. मला ४० पौंड पुरे, खांदा एकच आहे!

तुर्की पद्धतीचाही मोह झाला होता. पोटाला म्हशीचं शिंग, मध्ये लाकूड, पाठीला जनावराच्या कंडरांचे तंतू, सगळं सरसाने चिकटवलेलं. आखूड असूनही ताकद भरपूर. पण मी रत्नागिरीत राहतो. इथल्या पावसाळी दमट हवेत तो सरस सुटणार, म्हणून तो बेत बाद.

सध्याचा विचार: पाठीला बांबूची पट्टी, साल तशीच ठेवून, आणि पोटाला दुसरं लाकूड, मध्ये चिकटवायला इपॉक्सी. वखारीत बाभळीची फळी बघितली, पण लाकडाच्या तंतूंची रेषा सरळ न जाता मध्येच कडेला बाहेर पडते. तिथूनच चिरणार असं वाटतं.

बाभूळ, खैर, अंजन यांपैकी दाब कोणतं चांगलं सोसतं? लाकूड किती वाळलेलं असावं? आणि मुठीच्या वरची व खालची बाजू सारखी वाकावी म्हणून पोटाकडून तासायचं की कडांकडून? कोणी स्वतः केलं असेल तर फोटोसकट सांगा.